नर फळमाशीच्या प्रणयाराधनाची चाचणी: जनुके आणि संप्रेरके तपासताना पाळायचा क्रम

प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पांमध्ये दरवर्षी एक निष्कर्ष हमखास वाचायला मिळतो: उत्परिवर्ती नरांचा प्रणयाराधन निर्देशांक (निरीक्षणाच्या वेळेपैकी जेवढा भाग नराने प्रणयाराधनात घालवला तो) ०.३, साध्या नरांचा ०.७, सबब हे जनुक प्रणयाराधनाचे नियंत्रण करते. खोदून विचारले की हळूहळू कळते, साधे नर पाच दिवसांचे होते आणि उत्परिवर्ती नर दोन दिवसांचे. एका गटाला त्याच सकाळी कार्बन डायऑक्साइडची भूल दिली होती आणि दुसऱ्याला आदल्या दिवशी. शिवाय उत्परिवर्ती वाणाचे डोळे पांढरे होते. आकडे खोटे नसतात, पण त्यांचा जनुकाशी काही संबंध आहे असे म्हणण्याची सोय उरलेली नसते. या चाचणीत निरीक्षणाची दहा मिनिटे सर्वांत सोपी असतात आणि निकाल बहुतांशी त्याआधीच्या दहा-पंधरा दिवसांत ठरून जातो. म्हणून पुढील लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे आणि मोजणीला तुलनेने कमी.

आधी नावाचा घोळ मिटवावा. कोकणात फळमाशी म्हटले की आंबा नासवणारी, मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात अडकणारी मोठी माशी डोळ्यांसमोर येते. ती वेगळ्या कुळातली. येथे विचार आहे तो पिकल्या केळ्यांभोवती घोंगावणाऱ्या चिलटांपैकी ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर या जातीचा. केळे ठेवून स्वयंपाकघरात पकडलेली चिलटे या कामाला चालत नाहीत, कारण आपल्याकडे त्या सापळ्यात इतर जातीही येतात. पाठीवर पांढरे पट्टे असलेली झॅप्रिओनस तर हमखास येते. शुद्ध वाण मैसूर विद्यापीठाच्या ड्रोसोफिला साठा केंद्रातून, अमेरिकेतील ब्लूमिंग्टनच्या केंद्रातून किंवा माश्यांवर काम करणाऱ्या एखाद्या जवळच्या प्रयोगशाळेकडून मागवावे.

१. प्रश्न नेमका करावा: घडण, चालना की वेळ

बहुतेक चुकांचे मूळ प्रश्नातच असते. सस्तन प्राण्यांच्या अभ्यासाच्या सवयीने विद्यार्थी असे धरून चालतात की वृषणातून एखादे नर-संप्रेरक रक्तात मिसळत असेल आणि त्यामुळे नर मादीमागे लागत असेल. फळमाशीत तसे नाही. येथे नरपण किंवा मादीपण प्रत्येक पेशी आपल्या गुणसूत्रांवरून स्वतः ठरवते. दोन एक्स गुणसूत्रे असलेल्या पेशीत सेक्स-लीथल हे जनुक चालू होते, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचे कार्यक्षम प्रथिन तयार होते आणि ते ट्रान्सफॉर्मर-२ च्या साथीने फ्रूटलेस व डबलसेक्स या दोन जनुकांच्या आरएनए संदेशाची कापणी-जोडणी मादीच्या पद्धतीने करते. नरात ट्रान्सफॉर्मर प्रथिन नसते, म्हणून फ्रूटलेसच्या संदेशातून फ्रू-एम हे नराचे प्रथिन बनते. मादीत ते बनत नाही. मादीत मुद्दाम नराच्या पद्धतीची कापणी-जोडणी घडवून आणली तर ती मादी दुसऱ्या माद्यांमागे नरासारखी लागते, हे २००५ साली दाखवले गेले.

फ्रू-एम प्रथिन अळीच्या तिसऱ्या अवस्थेच्या अखेरीस दिसू लागते, कोषावस्थेच्या मध्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि प्रौढात उतरते. म्हणजे ते मुख्यतः मेंदूची जोडणी घडवणारे आहे. संप्रेरकांचे काम निराळे. मेंदूमागील कॉर्पोरा अलाटा या ग्रंथींतून येणारे ज्युवेनाइल हार्मोन प्रौढ नराच्या पहिल्या काही दिवसांत प्रणयाराधन वेळेवर सुरू व्हायला मदत करते आणि शृंगिकेवरील ओआर-४७-बी या गंधग्राही चेतापेशी वयाबरोबर अधिक संवेदनशील करते. एक्डायसोन या कात टाकायला लावणाऱ्या संप्रेरकाचा ग्राहक फ्रूटलेस-चेतापेशींत कमी केला तर नर इतर नरांमागेही लागू लागतात.

तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर, आपण घडणीचा प्रश्न विचारत आहोत, प्रौढातील चालनेचा की सुरुवातीच्या वेळेचा, हे एका वाक्यात लिहावे. तिन्ही प्रश्नांना चाचणीचे वय आणि तापमान वेगवेगळे लागते.

तपासणी: त्या वाक्यात नराचे वय, समोर ठेवायची माशी कोणती आणि मोजायची राशी कोणती, या तिन्हींचा उल्लेख नसेल तर पुढे जाऊ नये.

२. वाण आणि त्यांची पार्श्वभूमी

गॅल-४ (निवडक पेशींत बनणारे, कळ दाबणारे प्रथिन) आणि यूएएस (त्याने चालू होणारी जनुकाची कळ) ही जोडी वापरून एखादे जनुक विशिष्ट पेशींत दाबताना तीन गट लागतात: दोन्ही घटक असलेले नर, केवळ गॅल-४ असलेले नर आणि केवळ यूएएस असलेले नर. शेवटचे दोन गट कॅन्टन-एससारख्या साध्या वाणाशी संकर करून मिळवावेत. प्रायोगिक नर दोन्ही नियंत्रण गटांपेक्षा वेगळे वागले तरच परिणाम धरायचा. एकाच नियंत्रण गटावर भागवलेले प्रकल्प मी परत पाठवतो आणि त्याबद्दल माझ्यावर रागही धरला जातो. पण पुष्कळदा यूएएसचा वाण स्वतःच मंद असतो आणि दोष जनुकाच्या माथी जातो.

दुसरा सापळा डोळ्यांच्या रंगाचा. व्हाइट जनुक बिघडलेल्या, पांढऱ्या डोळ्यांच्या नरांना उजेडात नीट दिसत नाही, त्यामुळे ते मादीचा माग ठेवू शकत नाहीत आणि निर्देशांक खाली येतो. बाहेरून घातलेल्या बहुतेक जनुकांसोबत मिनी-व्हाइट ही डोळ्यांना रंग देणारी खूण असते, म्हणून तीन गटांतील नरांच्या डोळ्यांत फिकट नारिंगी ते गडद लाल अशा वेगवेगळ्या छटा दिसतात. शक्य तेथे सर्व वाणांचा कॅन्टन-एसशी पाच-सहा पिढ्या प्रतिसंकर करून घ्यावा. तेवढा वेळ नसेल तर निदान सर्व गटांतील नरांचे डोळे लाल असतील असे संकर आखावेत.

फ्रूटलेसच्या उत्परिवर्ती नरांसाठी एकाच अलीलाच्या (जनुकाच्या एकाच रूपाच्या) दोन प्रती वापरण्याऐवजी दोन वेगवेगळ्या अलीलांचा संकर घ्यावा, म्हणजे त्या गुणसूत्रावर लपलेला दुसरा एखादा बिघाड एकत्र येत नाही. हे वाण तिसऱ्या गुणसूत्राच्या टीएम-६-बी या संतुलकावर (उत्परिवर्तन पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहावे म्हणून जोडीला ठेवलेल्या खास गुणसूत्रावर) ठेवलेले असतील तर ट्यूबी ही खूण कामी येते: संतुलक असलेले कोष आखूड आणि जाडसर दिसतात, आपल्याला हवे असलेले लांबट असतात.

सावधान: प्रौढातील परिणाम तपासायचा असेल तर साध्या गॅल-४ ने भागत नाही, कारण ते कोषातही काम करत राहते आणि मेंदूची घडणच बदलते. त्यासाठी तापमानावर चालणारे गॅल-८० (थंडीत गॅल-४ ला रोखून धरणारे आणि उष्णतेत सोडणारे प्रथिन) जोडून माश्या १८ अंश सेल्सिअसवर वाढवाव्यात, कोषातून बाहेर आल्यावर नर २९ अंशांवर हलवावेत आणि नियंत्रण गटांनाही तापमानाचा हाच प्रवास घडवावा. १८ अंशांवर वाढीला जवळजवळ दुप्पट दिवस लागतात, हे वेळापत्रकात आधीच धरावे.

३. खोली, अन्न आणि वेळापत्रक

माश्या २५ अंशांवर, सुमारे ६० टक्के आर्द्रतेत आणि १२ तास उजेड, १२ तास अंधार अशा चक्रात वाढवाव्यात. या तापमानाला अंड्यापासून प्रौढ माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात. इनक्युबेटरच्या पडद्यावरील आकड्यावर विसंबू नये. आत, नळ्यांच्या रांगेत, वेगळा तापमापक ठेवून सकाळ-संध्याकाळ नोंद करावी. उन्हाळ्यात वीज गेली की बंद इनक्युबेटर बघता बघता तापतो, आणि ३० अंशांच्या आसपास वाढलेले नर वंध्य निघतात. विजेबरोबर आतला दिवाही जातो आणि दिवसरात्रीचे चक्र मोडते. त्यामुळे त्या दिवशी किती वेळ वीज नव्हती हेही लिहून ठेवावे.

मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगार यांचे नेहमीचे अन्न चालते. पाककृती कोणती याला फार महत्त्व नाही. सर्व गट एकाच दिवशी शिजवलेल्या अन्नावर वाढलेले असावेत, याला आहे. बुरशीरोधक प्रोपिऑनिक आम्ल अन्न ६० अंशांखाली आल्यावरच घालावे. एका बाटलीत अंड्यांची गर्दी झाली तर माश्या लहान निघतात, आणि लहान नरांची तुलना मोठ्या नरांशी करता येत नाही. म्हणून दर दोन दिवसांनी पालक माश्या नव्या बाटलीत हलवाव्यात.

येथे स्वतःची एक फजिती सांगणे उपयोगी ठरेल. आमच्या प्रयोगशाळेत एका पावसाळ्यात डासांसाठी लावलेले द्रव औषधाचे यंत्र रात्रभर चालू राहिले. सकाळी पुढच्या रांगेतल्या नळ्यांच्या तळाशी माश्या उताण्या पडलेल्या होत्या. मागच्या रांगेतल्या चालत-फिरत होत्या. मेलेल्या माश्यांनी नुकसान केले नाही, घोळ घातला तो जिवंत राहिलेल्यांनी: त्या ठीक दिसतात म्हणून आम्ही चाचणीला वापरल्या आणि पुढचे तीन दिवस साध्या वाणाच्या नरांपुढेही 'प्रणयाराधन कमी' अशी नोंद करत राहिलो. माश्यांच्या खोलीत डासांचे औषध, अगरबत्ती आणि सुगंधी फवारा यांना मज्जाव असावा आणि तशी पाटीही दारावर असावी.

वेळापत्रक उलटे मोजून आखावे. चाचणी तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारी हवी असेल तर नर दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी वेगळे झाले पाहिजेत आणि त्यासाठी संकर पहिल्या आठवड्याच्या सोमवारी लागले पाहिजेत. सर्व गटांचे संकर एकाच दिवशी लावावेत. 'नियंत्रण गट मागून करू' हे वाक्य ऐकले की प्रकल्प रखडणार हे समजावे.

४. नर वेगळे करणे

नर कोषातून बाहेर आल्यापासून चाचणीपर्यंत एकटा राहिला पाहिजे. इतर नरांच्या किंवा माद्यांच्या सहवासात राहिलेल्या नराचे वागणे बदलते. समागम झालेल्या मादीने तासभर झिडकारलेला नर पुढे काही काळ कुमारी मादीपुढेही थंड राहतो. फ्रूटलेसच्या बाबतीत तर राहणीमुळे निष्कर्ष उलटू शकतो: फ्रू-एम नसलेले नर एकटे ठेवले तर प्रणयाराधन जवळजवळ करत नाहीत, पण काही दिवस गटात ठेवले तर ते करायला शिकतात आणि त्यासाठी त्यांना डबलसेक्स पुरते, असे २०१४ साली दिसून आले. म्हणजे दोन विद्यार्थ्यांनी तोच वाण घेतला, एकाने नर एकेकटे ठेवले आणि दुसऱ्याने दहा-दहाच्या गटात, तर दोघांचे निकाल परस्परविरोधी येतील आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतील.

उत्तम मार्ग म्हणजे कोषच वेगळे करणे. बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी कोष काळपट होतो आणि आतले पंख गडद दिसू लागतात. ओल्या बारीक ब्रशने तो नळीच्या काचेवरून अलगद सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली पोटाच्या बाजूने पाहावा. नर असेल तर पुढच्या पायांच्या जागी दोन काळे ठिपके कवचातून दिसतात. ते नराच्या पुढच्या पायांवरील राठ केसांचे कंगवे होत. असा एकेक कोष थोडे अन्न असलेल्या छोट्या नळीत, ओलसर भिंतीवर चिकटवून ठेवावा. यात भूल द्यावी लागत नाही आणि नर खरोखर जन्मापासून एकटा राहतो.

हे जमत नसेल तर नुकत्याच बाहेर पडलेल्या माश्यांतून नर निवडावेत. भूल द्यावी लागली तर ती कमीत कमी वेळ आणि चाचणीच्या किमान २४ तास आधी, आणि सर्व गटांना सारखी द्यावी. त्यानंतर माशी हलवायची ती फक्त तोंडाने ओढायच्या नळीने, म्हणजे ॲस्पिरेटरने. त्याच्या आत, तोंडाकडच्या बाजूला, बारीक जाळी बांधायला विसरू नये. विसरलात तर धडा आपोआप मिळतो.

नरांची चाचणी साधारणतः चार ते सात दिवसांच्या वयात करावी, मात्र एका प्रयोगात सर्व नर एकाच वयाचे असावेत.

तपासणी: प्रत्येक नळीवर बाहेर पडल्याची तारीख आणि सांकेतिक क्रमांक आहे का? वाणाचे नाव नळीवर लिहू नये, ते वहीत ठेवावे. मोजणारा आणि क्रमांक देणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात.

५. समोर ठेवायच्या माद्या

मादी कुमारी हवी, आणि येथेच सर्वाधिक घाई होते. २५ अंशांवर बाहेर पडल्यापासून आठ तासांच्या आत मादी उचलली पाहिजे. सकाळी दिवा लागण्याच्या सुमारास सर्वाधिक माश्या बाहेर पडतात, म्हणून सकाळी आठला बाटलीतल्या सगळ्या प्रौढ माश्या झटकून काढून टाकाव्यात आणि दुपारी तीनपर्यंत नव्याने आलेल्या माद्या गोळा कराव्यात. रात्री बाटली १८ अंशांवर ठेवली तर सुमारे सोळा तासांची मुभा मिळते. नुकतीच आलेली मादी फिकट, किंचित सुजल्यासारखी दिसते आणि तिच्या उदरातून हिरवट-काळा ठिपका दिसतो. तो ठिपका असला की ती नक्की ताजी.

या माद्या पाच-सहाच्या गटात ठेवून तीन ते पाच दिवसांच्या झाल्यावर वापराव्यात. चाचणीपूर्वी त्यांच्या अन्नावर अळ्या आहेत का ते पाहावे. एक जरी अळी वळवळताना दिसली तरी ती संपूर्ण नळी बाद करावी. समागम झालेल्या मादीच्या अंगावर नराचा सिस-व्हॅक्सेनिल ॲसिटेट हा गंध लागलेला असतो आणि ती अंडी घालायची नळी बाहेर काढून नराला हुसकावते. तिच्यापुढे उत्तम नराचाही निर्देशांक पडतो.

नर-नर प्रणयाराधन मोजायचे असेल तर समोरचा नरही चार दिवसांहून मोठा असावा. एका दिवसाच्या आतल्या कोवळ्या नराच्या मागे साधे नरसुद्धा लागतात, आणि त्यातून 'उत्परिवर्तनामुळे समलिंगी प्रणयाराधन' असा निष्कर्ष काढलेला मी पाहिला आहे. मादीच्या नकाराचा किंवा हालचालीचा प्रभाव वगळायचा असेल तर डोके काढलेली कुमारी मादी वापरतात. ती काही तास उभी राहते, पण जागची फारशी हलत नाही.

६. संप्रेरकाचा प्रयोग असेल तर

ज्युवेनाइल हार्मोनऐवजी बहुधा त्याचे टिकाऊ कृत्रिम रूप, मेथोप्रीन, वापरले जाते. ते ॲसिटोनमध्ये विरघळवून अतिशय सूक्ष्म थेंब नराच्या उदरावर ठेवतात. गट तीन: काहीही न लावलेले, केवळ ॲसिटोन लावलेले आणि मेथोप्रीन लावलेले. मधला गट वगळल्यास प्रयोगच वगळल्यासारखा आहे.

सावधान: ॲसिटोन पॉलिस्टायरीनच्या नळ्या विरघळवते, म्हणून द्रावण काचेत ठेवावे आणि नर पूर्ण कोरडे झाल्यावरच नळीत परत सोडावेत. मेथोप्रीनचा ब्रश, सुई आणि हातमोजे साठ्याच्या बाटल्यांपासून दूर ठेवावेत. वाढत्या अळ्यांना ते मारक आहे. डासांच्या अळ्यांवर ते वापरतात ते याच गुणामुळे.

मोजण्याचा दिवस निवडताना सर्वांत मोठी चूक होते. कॉर्पोरा अलाटा नष्ट केलेले नर प्रणयाराधन करतच नाहीत असे नाही. ते उशिरा सुरू करतात, आणि मेथोप्रीन दिले की हा उशीर भरून निघतो. सवयीने पाचव्या दिवशी चाचणी घेतली तर तोवर मागे पडलेले नर बरोबरीला आलेले असतात आणि 'परिणाम नाही' असे उत्तर मिळते. वेळेचा प्रश्न असेल तर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी, प्रत्येक दिवसाला नवे नर घेऊन, मोजावे. तोच नर तिन्ही दिवस वापरू नये, कारण पहिल्या दिवसाचा अनुभव त्याच्यासोबत पुढे जातो. ओआर-४७-बी चेतापेशींचा परिणाम तर एकेकट्या नराच्या चाचणीत लपून राहू शकतो. तेथे दोन दिवसांचा आणि सात दिवसांचा नर एका मादीसाठी स्पर्धेत उतरवून कोणाचा समागम होतो ते पाहावे. ओळखीसाठी रंगाचा ठिपका लावायचा झाल्यास निम्म्या चाचण्यांत तरुण नराला आणि निम्म्यांत मोठ्या नराला लावावा.

एक्डायसोनसाठी तापमान-संवेदी एक्डायसोनलेस वाण (उष्णतेत ज्यात हे संप्रेरक कमी पडते तो) वापरणाऱ्यांनी साध्या वाणाचे नरही त्याच दिवशी, तितक्याच तासांसाठी २९ अंशांवर ठेवावेत. उष्णतेने चपळाई बदलते, आणि तो बदल संप्रेरकाच्या नावावर जाऊ देऊ नये.

७. चाचणीचा दिवस

दिवा लागल्यापासून पहिल्या तीन तासांत चाचणी घ्यावी आणि रोज तीच वेळ पाळावी. ॲक्रिलिकमध्ये कोरलेला, सुमारे १० मिलिमीटर व्यासाचा आणि ४–५ मिलिमीटर खोल गोल कप्पा, वर पारदर्शक झाकण आणि मध्ये सरकवायचा पडदा, इतके साहित्य पुरते. तळाला किंचित ओलसर गाळणकागद ठेवावा, कारण कोरड्या कप्प्यात माश्या स्वतःला साफ करत बसतात. आधीच्या माश्यांचे गंध भिंतीला चिकटून राहतात, म्हणून कप्पे दर वेळी गंधरहित साबणाने आणि गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत. अल्कोहोलने पुसू नयेत, त्याने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात.

पडद्याच्या एका बाजूला मादी, दुसऱ्या बाजूला नर सोडून पाच मिनिटे थांबावे आणि मग पडदा सरकवून चित्रीकरण सुरू करावे. खालून सारखा पांढरा उजेड आणि स्टँडवर घट्ट बसवलेला मोबाइल कॅमेरा एवढ्यावर काम होते. एका फेरीत सर्व गटांचे नर असावेत; सकाळी नियंत्रण गट आणि दुपारी उत्परिवर्ती असे करू नये. प्रत्येक गटात २० ते ३० नर घ्यावेत.

तपासणी: पहिल्या फेरीत साध्या वाणाचे पाच-सहा नर आणि कुमारी माद्या घ्याव्यात. त्यांपैकी बहुतेकांनी एक-दोन मिनिटांत पाठलाग सुरू केला नाही, तर त्या दिवशी चाचणी थांबवून खोली, उजेड आणि माद्या तपासाव्यात.

८. मोजणी

नर प्रथम मादीकडे तोंड करून थांबतो, तिच्यामागे जातो, पुढच्या पायाने तिच्या उदरावर टकटक करतो, तिच्या बाजूचा एक पंख बाहेर काढून थरथरवतो, सोंडेने तिच्या मागच्या भागाला चाटतो आणि उदर वाकवून समागमाचा प्रयत्न करतो. यांपैकी काहीही चालू असलेला वेळ प्रणयाराधनाचा धरावा. एक पंख बाहेर निघाला तर ते गाणे. दोन्ही पंख एकदम उभारले तर नरांमध्ये ती बहुधा धमकी असते, तिला प्रणयाराधनात मोजू नये. किती सेकंदांच्या खंडानंतर वेळ थांबवायचा, उदाहरणार्थ तीन, हे आधी ठरवून सर्वांसाठी सारखेच पाळावे.

प्रणयाराधन निर्देशांक म्हणजे त्या वेळेला निरीक्षणाच्या एकूण वेळेने भागणे. दहा मिनिटांत म्हणजे ६०० सेकंदांत एखाद्या नराने ४१२ सेकंद प्रणयाराधन केले, तर निर्देशांक ०.६९. दुसऱ्या नराने २१० सेकंद प्रणयाराधन केले आणि २४० व्या सेकंदाला समागम सुरू झाला, तर छेद २४० घ्यायचा आणि निर्देशांक ०.८८ येतो. येथे ६०० ने भागले तर तो ०.३५ होतो आणि सर्वांत यशस्वी नर सर्वांत मंद ठरतो. समागम साधारण वीस मिनिटे चालतो, त्यामुळे ही चूक जितक्या लवकर समागम होईल तितकी मोठी होते.

निर्देशांकासोबत पहिल्या पाठलागापर्यंतचा वेळ, पंख काढण्याचा स्वतंत्र निर्देशांक आणि समागम झालेल्या नरांचे प्रमाणही नोंदवावे. फ्रूटलेसचे काही अलील पाठलाग शाबूत ठेवून फक्त गाणे बिघडवतात, आणि एकाच आकड्यात सगळे कोंबले की ते हरवते.

ज्या नराने काहीच केले नाही त्याचा निर्देशांक शून्य लिहावा, त्याला वगळू नये. मात्र तो लंगडा किंवा पंख चिकटलेला असेल तर वगळावा, आणि हे चाचणीपूर्वी ठरलेल्या नियमाने, क्रमांक उघडण्याच्या आधी व्हावे. निर्देशांक शून्य ते एकच्या मध्ये अडकलेला असल्यामुळे त्याला टी-चाचणी लावण्यापेक्षा दोन गटांसाठी मान-व्हिटनी आणि तीन गटांसाठी क्रुस्काल-वॉलिस चाचणी लावावी; समागमाच्या प्रमाणासाठी फिशरची चाचणी योग्य.

९. निकाल लिहिण्यापूर्वीच्या दोन चाचण्या

पहिली चालण्याची. त्याच कप्प्यात मधोमध रेघ आखून एकटा नर दोन मिनिटांत ती किती वेळा ओलांडतो ते मोजावे. उत्परिवर्ती नर मुळातच कमी चालत असेल, तर कमी पाठलागाचा दोष प्रणयाच्या मज्जामंडलावर टाकता येत नाही. दुसरी इंद्रियांची. चाचणी मंद लाल दिव्याखाली पुन्हा करावी. लाल उजेड या माश्यांना फारसा दिसत नाही, पण साधा नर गंधावर आणि स्पर्शावर मादी शोधतोच. उजेडात दोन गटांत फरक दिसला आणि लाल दिव्याखाली तो नाहीसा झाला, तर आधी डोळ्यांकडे संशयाने पाहावे.

समागम झालेल्या प्रत्येक मादीला फेकून न देता नव्या नळीत क्रमांकासह ठेवावे आणि सातव्या दिवशी अळ्या पाहाव्यात. फ्रूटलेसच्या काही उत्परिवर्ती नरांचा समागम वरून अगदी नेहमीसारखा दिसतो, पण शुक्राणू आणि वीर्यद्रव पुढे जात नाहीत. चित्रफितीत ते दिसत नाही, रिकाम्या नळीत दिसते. बाकीच्या माश्या बाटल्यांसकट रात्रभर गोठवूनच कचऱ्यात टाकाव्यात, नाहीतर बाहेरून घातलेली जनुके घेऊन त्या खिडकीतून बाहेर जातील.